कोकणातल्या आमदारांचा पक्षवार तक्ता: हद्द ठरवण्यापासून बेरीज जुळवण्यापर्यंत

एक जण सांगतो, कोकणात भाजपचे ४ आमदार. दुसरा म्हणतो १६, तिसरा ३१. तिघंही २०२४च्याच विधानसभा निकालाबद्दल बोलत असतात आणि तिघंही बरोबर असतात. प्रत्येकाच्या डोक्यातलं ‘कोकण’ वेगळं आहे, एवढंच. स्पर्धा परीक्षेची टिपणं, स्थानिक साप्ताहिकांतले तक्ते, मंडळांच्या स्मरणिका आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी चित्रं बहुतेक वेळा इथेच घसरतात. बाकीच्या चुका कामाचा क्रम उलटा धरल्याने होतात. लोक आधी पक्ष लिहितात, मग त्या पक्षाची नावं आठवतात आणि शेवटी मतदारसंघ मोजतात. करायचं याच्या बरोबर उलट असतं: हद्द, मतदारसंघ, सभागृह, व्यक्ती आणि सगळ्यात शेवटी पक्ष.

सुरुवात करण्याआधी

समोर तीन गोष्टी हव्यात. पहिली, भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचा मतदारसंघनिहाय निकाल. दुसरी, महाराष्ट्र विधिमंडळाच्या संकेतस्थळावरची विद्यमान सदस्यांची यादी. तिसरी, ज्या जिल्ह्यांचा तक्ता करायचा त्यांच्या मतदारसंघांची क्रमांकासह यादी. पहिल्या दोन याद्या एकमेकींना पर्याय नाहीत. आयोगाची यादी निकालाच्या दिवशी कोण कोणत्या पक्षातून निवडून आलं ते सांगते, तर विधिमंडळाची यादी आज सभागृहात कोण आहे ते सांगते. दोन्हींत फरक दिसला तर घाबरू नका, तो फरक टिपून ठेवा.

वर्तमानपत्राचं कात्रण किंवा विकिपीडियाचं पान पडताळणीला ठीक आहे. मूळ आधार म्हणून नको.

कोऱ्या तक्त्यात सहा रकाने आखा: क्रमांक, मतदारसंघ, जिल्हा, सदस्य, निवडून येतानाचा पक्ष, आजचा पक्ष. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवायचा कंटाळा करू नका. ते का लागतात ते पाचव्या, सातव्या आणि आठव्या टप्प्यात कळेल.

टप्पा १: कोकण म्हणजे कुठून कुठपर्यंत, ते लिहून ठेवा

निदान तीन हद्दी वापरात आहेत.

पहिली तळकोकणाच्या तीन जिल्ह्यांची: रायगड ७, रत्नागिरी ५, सिंधुदुर्ग ३, एकूण १५ जागा. (रत्नागिरीच्या दक्षिणेकडचे लोक ‘तळकोकण’ म्हणताना रायगड धरतीलच असं नाही. इथे सोयीसाठी धरलाय.) दुसरी मुंबई वगळून कोकण: वरच्या १५ मध्ये ठाण्याच्या १८ आणि पालघरच्या ६ मिळवल्या की ३९. तिसरी प्रशासकीय कोकण विभागाची. बेलापूरच्या कोकण भवनातून ज्याचा कारभार चालतो त्या विभागात सात जिल्हे येतात. ३९ मध्ये मुंबई उपनगरच्या २६ आणि मुंबई शहरच्या १० मिळवून ७५ होतात.

हद्द बदलली की चित्र किती बदलतं ते २०२४च्या निकालातच पाहा. भाजप १५ पैकी ४, ३९ पैकी १६, ७५ पैकी ३१. शिवसेना (एकनाथ शिंदे यांची) १५ पैकी ८, ३९ पैकी १६, ७५ पैकी २२. म्हणजे तळकोकणात शिवसेना भाजपच्या दुप्पट, मधल्या हद्दीत दोघं बरोबरीत आणि पूर्ण विभागात भाजप पुढे. ठाकरेंच्या शिवसेनेला पहिल्या दोन्ही हद्दींत एकच जागा आहे आणि तिसरीत एकदम ११, कारण त्यातल्या १० मुंबईतल्या आहेत. काँग्रेसच्या विभागातल्या तिन्ही जागाही मुंबईतच. ‘कोकणात काँग्रेसचे तीन आमदार’ हे वाक्य कागदावर चूक नाही, पण राजापूरच्या बाजारात म्हणून पाहा.

गोव्याची किनारपट्टी भूगोलाच्या पुस्तकात कोकणातच येते, पण तिची ४० जणांची विधानसभा स्वतंत्र आहे. तिचे आकडे या तक्त्यात मिसळू नका.

⚠ लोकसभा मतदारसंघाला हद्द समजू नका. ही चूक फार होते. रायगड लोकसभेत पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्याबरोबर रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर येतात. पनवेल, कर्जत आणि उरण रायगड जिल्ह्यात असले तरी लोकसभेला मावळात मोजले जातात. ‘रायगडचे सहा आमदार’ असं कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्याने लोकसभेची यादी उचलली आहे असं समजा.

टप्पा २: मतदारसंघ क्रमांकाने मांडा

नावावर विसंबू नका. रत्नागिरी, पालघर, ठाणे ही नावं जिल्ह्याचीही आहेत आणि विधानसभा मतदारसंघाचीही. उलट ‘रायगड’ किंवा ‘सिंधुदुर्ग’ नावाचा विधानसभा मतदारसंघच नाही. क्रमांकाने हा गोंधळ मिटतो.

पालघर जिल्ह्यात १२८ (डहाणू) ते १३३ (वसई). ठाण्यात १३४ ते १५१. मुंबईच्या दोन जिल्ह्यांत १५२ ते १८७. रायगड १८८ (पनवेल) ते १९४ (महाड). इथे क्रमांक घाट चढून जातो. १९५ म्हणजे पुणे जिल्ह्यातलं जुन्नर. तिथून नगर, बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर, सातारा असा फिरून तो २६३ला दापोलीत उतरतो आणि २७० सावंतवाडीला कोकण संपतं. रायगडनंतर १९५, १९६ असे क्रमांक टाकत जाणाऱ्यांचा तक्ता इथेच फसतो.

✔ तपासणी: १२८ ते १९४ म्हणजे ६७ जागा, २६३ ते २७० म्हणजे ८. बेरीज ७५. ती जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

तालुका म्हणजे मतदारसंघ नव्हे, हेही इथेच पक्कं करा. मालवणचा मतदार कुडाळ मतदारसंघात मत देतो. देवगड आणि वैभववाडी कणकवलीत येतात, वेंगुर्ले आणि दोडामार्ग सावंतवाडीत. देवरूखचा आमदार म्हणजे चिपळूणचा आमदार. खेड तालुका दापोली आणि गुहागर या दोघांत वाटला गेलाय, आणि चिपळूण तालुक्याचाही काही भाग गुहागरात आहे. त्यामुळे ‘खेडचा आमदार कोण?’ याला गावाचं नाव विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

⚠ खेड, संगमेश्वर, मालवण, वेंगुर्ले किंवा माणगाव ही मतदारसंघ म्हणून आलेली यादी जुनी आहे. २००८च्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे २००९च्या निवडणुकीपासून, ही नावं गेली. तशी यादी बाजूला ठेवा, दुरुस्त करत बसू नका.

टप्पा ३: सभागृह एकच घ्या

विधानसभा २८८ जागांची, विधान परिषद ७८ जागांची. दोन्हीकडच्या सदस्यांना लोक ‘आमदार’च म्हणतात, त्यामुळे गल्लत होते. तक्त्याच्या डोक्यावर सभागृहाचं नाव लिहा.

परिषद हवीच असेल तर तिचा वेगळा तक्ता करा, कारण तिथे भूगोलाचा हिशोबच निराळा आहे. ७८ पैकी ३० जणांना विधानसभेचे सदस्य निवडतात आणि १२ राज्यपालनियुक्त असतात. हे ४२ जण कोणत्याच प्रदेशाचे नसतात. एखादा नेता चिपळूणचा रहिवासी असला तरी तो या वाटेने परिषदेत गेला असेल तर ती जागा कोकणाची धरायची नाही. उरलेल्या ३६ मध्ये २२ स्थानिक प्राधिकारी, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघ आहेत. त्यात कोकण पदवीधर (२०२४ मध्ये निरंजन डावखरे, भाजप) आणि कोकण शिक्षक (२०२३ मध्ये ज्ञानेश्वर म्हात्रे, भाजप) या आपल्या जागा. मुंबईचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ वेगळे आहेत, म्हणजे परिषदेच्या हिशोबात ‘कोकण’ पुन्हा मुंबई वगळूनच. स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांत ठाण्याची एक आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गची एक अशा जागा आहेत. जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांचे सदस्य तिथले मतदार असल्यामुळे त्या संस्थांच्या निवडणुका रखडल्या की ही जागाही रिकामी राहते. म्हणून परिषदेच्या तक्त्यात ‘रिक्त’ असा रकाना हवाच.

जुन्या संदर्भात विधानसभा २८९ची दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. एक जागा नामनियुक्त अँग्लो-इंडियन सदस्याची असे. ती तरतूद जानेवारी २०२० पासून संपली.

टप्पा ४: व्यक्तीचं नाव भरा, पक्ष अजून नको

विजयी उमेदवाराचं नाव मतदारसंघाच्या निकालपानावरून घ्या. पक्षाच्या विजयी उमेदवारांच्या यादीवरून उलट दिशेने भरत गेलात की एखादा मतदारसंघ दोनदा येतो आणि एखादा सुटतो.

नावावर शोधताना जपून. आयोगाच्या यादीत नाव उमेदवारी अर्जातल्यासारखं येतं. गावात ज्यांना सगळे ‘भैय्या सामंत’ म्हणतात ते कागदावर किरण सामंत असतात. नामसाधर्म्याचे उमेदवार हा कोकणातला जुना खेळ आहे. रायगड लोकसभेला २०१४ मध्ये सुनील तटकरे यांच्याच नावाचा एक अपक्ष रिंगणात होता. शोधचौकटीत नाव टाकून पहिली ओळ उचलणाऱ्याला अशी नावं हमखास फसवतात.

आडनावाचा सापळा त्याहून मोठा आहे. कणकवलीत नितेश राणे आणि शेजारच्या कुडाळात नीलेश राणे. सख्खे भाऊ, नावात एका अक्षराचा फरक, आणि २०२४ मध्ये पक्ष वेगळे: नितेश भाजपचे, नीलेश शिवसेनेचे. वडील नारायण राणे भाजपचे खासदार. ‘राणे म्हणजे भाजप’ असं धरून तक्ता भरला की सिंधुदुर्गात भाजप २, शिवसेना १ असं येतं. खरं उलटं आहे. सामंत बंधूंचं मात्र तसं नाही. रत्नागिरीत उदय, राजापुरात किरण, दोघंही शिवसेनेचे.

टप्पा ५: आता पक्ष, आणि तो पूर्ण नावाने

नुसतं ‘शिवसेना’ किंवा ‘राष्ट्रवादी’ लिहून आता भागत नाही. आयोगाच्या नोंदीत एकनाथ शिंदे यांच्या पक्षाचं नाव ‘शिवसेना’, चिन्ह धनुष्यबाण. दुसरी ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’, थोडक्यात उबाठा, चिन्ह मशाल. तसंच घड्याळवाली ‘राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष’ आणि तुतारी वाजवणारा माणूसवाली ‘राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार)’. लोक कंसात ‘शिंदे गट’, ‘अजित पवार गट’ लिहितात. बोलताना ठीक, पण तक्त्यात नोंदणीचंच नाव वापरा, नाहीतर दोन वेगळ्या तक्त्यांत एकच पक्ष दोन नावांनी येतो.

⚠ जून २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळातलं बलाबल दाखवायचं असेल तर जास्त काळजी घ्या. शिवसेनेबाबत आयोगाचा निर्णय १७ फेब्रुवारी २०२३चा, विधानसभा अध्यक्षांचा १० जानेवारी २०२४चा. राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये फुटली आणि आयोगाचा निर्णय ६ फेब्रुवारी २०२४ला आला. या मधल्या तारखांना कोणाला कोणत्या नावाखाली मोजलं ते तळटीपेत लिहिल्याशिवाय आकडा देऊ नका.

२३ नोव्हेंबर २०२४च्या निकालाप्रमाणे तळकोकणाच्या १५ जागा अशा भरतात:

१८८ पनवेल: प्रशांत ठाकूर, भाजप
१८९ कर्जत: महेंद्र थोरवे, शिवसेना
१९० उरण: महेश बालदी, भाजप
१९१ पेण: रवीशेठ पाटील, भाजप
१९२ अलिबाग: महेंद्र दळवी, शिवसेना
१९३ श्रीवर्धन: आदिती तटकरे, राष्ट्रवादी काँग्रेस
१९४ महाड: भरत गोगावले, शिवसेना
२६३ दापोली: योगेश कदम, शिवसेना
२६४ गुहागर: भास्कर जाधव, शिवसेना (उबाठा)
२६५ चिपळूण: शेखर निकम, राष्ट्रवादी काँग्रेस
२६६ रत्नागिरी: उदय सामंत, शिवसेना
२६७ राजापूर: किरण सामंत, शिवसेना
२६८ कणकवली: नितेश राणे, भाजप
२६९ कुडाळ: नीलेश राणे, शिवसेना
२७० सावंतवाडी: दीपक केसरकर, शिवसेना

शेकापबद्दल (शेतकरी कामगार पक्ष) एक सूचना. राज्याच्या यादीत शेकापची १ जागा दिसली की सवयीने ती रायगडात टाकली जाते. अलिबाग-पेणच्या राजकारणात वाढलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. २०२४ची ती जागा सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याची आहे. रायगडात शेकापला २०१९ मध्येही एकही जागा मिळाली नव्हती. उलट माकपची (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) राज्यातली एकमेव जागा खरोखरच कोकणातली आहे: डहाणू, विनोद निकोले. बहुजन विकास आघाडीच्या २०१९च्या तीन जागा (वसई, नालासोपारा, बोईसर) २०२४ मध्ये शून्यावर आल्या, तरी जुन्या तक्त्यांवरून अजून नकलल्या जातात.

टप्पा ६: बेरीज, एकदा उभी आणि एकदा आडवी

उभी म्हणजे पक्षानुसार: शिवसेना ८, भाजप ४, राष्ट्रवादी काँग्रेस २, शिवसेना (उबाठा) १. एकूण १५. आडवी म्हणजे जिल्ह्यानुसार: रायगडात भाजप ३, शिवसेना ३, राष्ट्रवादी १. रत्नागिरीत शिवसेना ३, राष्ट्रवादी १, उबाठा १. सिंधुदुर्गात शिवसेना २, भाजप १. ७ अधिक ५ अधिक ३, पुन्हा १५.

हद्द ३९ची असेल तर पालघर (भाजप ३, शिवसेना २, माकप १) आणि ठाणे (भाजप ९, शिवसेना ६, आणि राष्ट्रवादी, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार), समाजवादी पक्ष प्रत्येकी १) मिळवा. मुंबईच्या ३६ मध्ये भाजप १५, उबाठा १०, शिवसेना ६, काँग्रेस ३, राष्ट्रवादी १, समाजवादी १.

आघाडीची बेरीज पक्षाच्या बेरजेनंतर वेगळ्या ओळीत करा, तिच्या जागी नाही. ‘महायुती १४, मविआ (महाविकास आघाडी) १’ हा आकडा बरोबर आहे, पण त्यातून ८ आणि ४ मधला फरक दिसत नाही. शिवाय २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेणमध्ये शेकाप आणि उबाठा एकमेकांसमोर उभे होते. ‘आघाडीचा उमेदवार’ कोणाला म्हणायचं, हे तिथे ज्याच्या त्याच्या मतावर होतं.

✔ तपासणी: कोकणाचा आकडा राज्याच्या आकड्यापेक्षा मोठा होऊ शकत नाही. २०२४ला राज्यात भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१, उबाठा २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) १०, आणि छोटे पक्ष व अपक्ष मिळून १२. एकूण २८८. अध्यक्षही याच बेरजेत आपल्या पक्षाखाली मोजला जातो. बरोबरी झाल्याशिवाय तो मत देत नाही, म्हणून त्याला वगळायचं नाही.

टप्पा ७: मागच्या निवडणुकीशी तुलना

हा टप्पा गरज असेल तरच करा. २०१९ मध्ये या १५ जागांत शिवसेना ९, भाजप ३, राष्ट्रवादी २, अपक्ष १ होता. शेजारी २०२४ ठेवून ‘शिवसेनेची एक जागा घटली’ असं लिहिणं ही सरळ चूक आहे, कारण २०१९ची शिवसेना एकच होती. त्या ९ पैकी कर्जत, अलिबाग, महाड, दापोली, रत्नागिरी आणि सावंतवाडीचे सहा आमदार शिंदेंबरोबर गेले. गुहागर, राजापूर आणि कुडाळचे तीन ठाकरेंबरोबर राहिले. २०२४ मध्ये शिवसेनेने सहाही राखल्या आणि राजापूर, कुडाळ घेतल्या. ठाकरेंकडे गुहागर उरलं.

आता सदस्याचा रकाना वाचा. १५ पैकी १३ ठिकाणी २०१९चीच व्यक्ती २०२४ मध्ये पुन्हा निवडून आली. बदल फक्त राजापूर आणि कुडाळला. अपक्षाची एक जागा ‘भाजपने जिंकली’ असं तक्ता सांगतो, पण उरणला माणूस तोच आहे. महेश बालदी २०१९ला अपक्ष होते, २०२४ला भाजपचे उमेदवार. पक्षाचा रकाना पाहून ‘मोठी उलथापालथ’ लिहायचा मोह होतो. म्हणून तुलना दोन ओळींत द्या: पक्ष किती ठिकाणी बदलला, आणि माणूस किती ठिकाणी बदलला.

मतांची टक्केवारी या तक्त्यात घुसवू नका. युतीत एकेका पक्षाने मोजक्याच जागा लढवलेल्या असतात. न लढवलेल्या जागांसह काढलेली टक्केवारी दिशाभूल करते. ती हवी असेल तर प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० घ्या. त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. काम किचकट आहे आणि त्यासाठी स्वतंत्र बैठक मारावी लागते.

टप्पा ८: तारीख, आणि नंतरचे बदल

तक्त्यावर दोनपैकी एक वाक्य हवं: ‘२३ नोव्हेंबर २०२४च्या निकालानुसार’ किंवा ‘अमुक तारखेची सद्यस्थिती’. दुसरं वाक्य लिहायचं असेल तर त्या दिवशी विधिमंडळाची यादी पुन्हा उघडा आणि तीन प्रश्न विचारा.

जागा रिकामी झाली का? निधन, राजीनामा किंवा अपात्रता झाली की पोटनिवडणूक होईपर्यंत सदस्याच्या रकान्यात ‘रिक्त’ लिहा. साधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. सदस्याची उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर हे बंधन नसतं.

पक्ष बदलला का? नेत्याने व्यासपीठावर गमछा घातला म्हणून ‘आजचा पक्ष’ बदलू नका. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदी कायदा) अपात्रतेचा निर्णय विधानसभेत अध्यक्ष देतात, आणि विलीनीकरणाला विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य लागतात. अपक्षाने निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर तोही अपात्र ठरू शकतो, म्हणूनच बरेच अपक्ष प्रवेश न करता पाठिंबा देतात. अशा वेळी रकान्यात ‘अपक्ष’च ठेवा आणि शेजारी ‘पाठिंबा: अमुक पक्ष’ लिहा.

मंत्रिपद बदललं का? बदललं असलं तरी या तक्त्याला फरक पडत नाही. मंत्री आणि पालकमंत्री यांचा रकानाच करू नका. सर्वांत लवकर शिळा होतो तो हाच.

चित्र करून पाठवणार असाल तर हद्द, सभागृह आणि तारीख ही तीन नावं आकड्यांच्या अगदी वर, त्याच चौकटीत टाका. खाली बारीक अक्षरांत टाकलेली ओळ पुढे पाठवताना कातरली जाते.